देह मागणारा कोणीतरी : क्रुसावर चढवलेल्यांच्या दफनाचा पुरावा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते इतिहासाचे शिक्षक होते. पुरावा काय सांगतो हे ऐकण्याआधी तो आपल्यापर्यंत कसा पोहोचला हे तपासावे, असा त्यांचा आग्रह असे. आज मी मुद्दाम असा प्रश्न निवडला आहे, ज्यात ही शिस्त सुटली की अभ्यासक हमखास घसरतो. पहिल्या शतकात रोमन सत्तेने ज्यांना क्रुसावर चढवले, त्यांच्या देहांचे पुढे काय झाले? त्यांना मूठमाती मिळाली का?

हा प्रश्न जगभर विचारला जातो तो एका माणसामुळे. नासरेथच्या येशूला क्रुसावरून उतरवून थडग्यात ठेवले, असे चारही शुभवर्तमाने सांगतात. मराठीत ही कथा आज आलेली नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले, तेव्हापासून ती आपल्या भाषेत नांदते आहे. गोव्यात आजही गुड फ्रायडेला क्रुसावरून उतरवलेल्या ख्रिस्ताच्या मूर्तीची मिरवणूक निघते. आपल्या शेजाऱ्यांच्या श्रद्धेच्या गाभ्याशी असलेली ही गोष्ट आहे. तिच्याविषयी बोलताना आदर सोडायचा नाही आणि पुराव्याला मुरडही घालायची नाही, एवढे पथ्य मी पाळणार आहे.

दहशतीची शिक्षा

आधी विरोधातला पुरावा पाहू, कारण तो भक्कम आहे. क्रूस ही रोमची जाहीर शिक्षा होती. गुलाम, बंडखोर, दरोडेखोर आणि नागरिकत्व नसलेले गरीब यांच्यासाठी ती राखून ठेवलेली असे. इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालचे गुलामांचे बंड मोडल्यावर पकडलेल्या ६,००० जणांना कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याच्या कडेने क्रुसावर चढवले गेले. इ.स.पू. ४ मध्ये हेरोद राजा वारल्यावर यहूदियात उठाव झाला, तेव्हा सीरियाचा सुभेदार वारुस याने सुमारे २,००० जणांना हीच शिक्षा दिली. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावे आणि धडा घ्यावा, हा त्यामागचा उद्देश. देह जितके दिवस टांगलेला राहील तितके दिवस धडा चालू राही.

म्हणूनच लॅटिन साहित्यात क्रूस आणि कावळे यांची जोडी ठरलेली दिसते. कवी होरेसच्या लेखनात ती आहे. पेट्रोनियसच्या एका कथेत तर क्रुसांवर पहारा ठेवणारा शिपाईच आहे. नातेवाइकांनी देह पळवून नेऊन पुरू नये म्हणून तो तिथे उभा असतो. इतिहासकार टॅसिटस नोंदवतो की सम्राट तिबेरियसच्या काळात मृत्युदंड झालेल्यांना दफन नाकारले जाई. येशूला क्रुसावर चढवले गेले ते याच तिबेरियसच्या कारकिर्दीत.

या पुराव्यावर बोट ठेवून बायबलचे अभ्यासक जॉन डॉमिनिक क्रॉसन यांनी १९९० च्या दशकात एक खळबळजनक मत मांडले. त्यांच्या मते येशूचा देह क्रुसावरच सोडला गेला असावा किंवा उथळ खड्ड्यात टाकला गेला असावा, आणि पुढचे काम कुत्र्यांनी व पक्ष्यांनी केले असावे. थडग्याची कथा त्यांना नंतरची वाटते. दुसरे अभ्यासक बार्ट एर्मन यांनीही २०१४ च्या ग्रंथात दफनाबद्दल गंभीर शंका घेतली. या मतांनी अनेक श्रद्धावंत दुखावले गेले. पण शंका घेणाऱ्यांच्या हाती साधने आहेत. तेव्हा त्यांना उत्तर द्यायचे तर तेही साधनांनीच द्यायला हवे.

कायदा आणि मर्जी

रोमन कायद्याचे मोठे संकलन सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात करवून घेतले. त्याच्या ४८ व्या भागात मृत्युदंड झालेल्यांच्या देहांवर एक छोटे प्रकरण आहे. तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा कायदेपंडित उल्पियन तिथे सांगतो की असे देह नातेवाइकांना नाकारू नयेत. ऑगस्टसने आपल्या आत्मचरित्रात आपण हाच नियम पाळल्याचे लिहिले होते, असा हवालाही तो देतो. पण लगेच पुस्ती जोडतो : देह मागितला आणि परवानगी मिळाली तरच दफन होते, कधी कधी, विशेषतः राजद्रोहाच्या गुन्ह्यात, परवानगी मिळत नाही. त्याच्या शेजारी पौलुस या कायदेपंडिताचे मत आहे : जो कोणी दफनासाठी देह मागेल त्याला तो द्यावा.

उल्पियनची पुस्ती नीट वाचली की भांडणाचा निम्मा भाग निवतो. रोममध्ये सरसकट बंदी नव्हती आणि सरसकट हक्कही नव्हता. अधिकाऱ्याची मर्जी होती, आणि ती मर्जी हलवण्यासाठी कोणीतरी त्याच्या दारात जाऊन उभे राहावे लागे.

ही गोष्ट इतर साधनांतही दिसते. इ.स.पू. ७० मध्ये सिसेरोने सिसिलीचा भ्रष्ट सुभेदार व्हेरेस याच्यावर खटला चालवला. त्यात त्याने सांगितले की देहदंड झालेल्या तरुणांचे देह पुरायला मिळावेत म्हणून त्यांच्या आईबापांकडून पैसे उकळले गेले. पैसे दिले नाहीत तर देह जनावरांपुढे टाकू, अशी धमकी होती. ही शिक्षा क्रुसाची नव्हती, तरी व्यवहार कसा चाले ते यातून कळते. अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फायलो याने इ.स. ३८ च्या दंग्यांबद्दल लिहिताना सुभेदार फ्लाकस याच्यावर एक आरोप केला. सम्राटाच्या वाढदिवसासारखा सण जवळ आला की क्रुसावरचे देह उतरवून आप्तांकडे सोपवल्याची उदाहरणे आपल्याला माहीत आहेत, असे तो म्हणतो. फ्लाकसने मात्र सणाच्या दिवशी जिवंत माणसांना क्रुसावर चढवले. हा आरोप वाचकाला पटावा म्हणून देह सोपवण्याची रीत त्यांना ओळखीची असणे भाग होते. येशूनंतर दहाएक वर्षांच्या आतली, शेजारच्याच रोमन प्रांतातली ही साक्ष आहे.

यहूदियातला सूर्यास्त

आता यरुशलेमकडे येऊ. ज्यू धर्मग्रंथांतल्या ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या २१ व्या अध्यायात आज्ञा आहे की गुन्हेगाराचा देह झाडाला टांगला तर तो रात्रभर तसाच ठेवू नये, त्याच दिवशी पुरावा. मुळात ही आज्ञा मारल्यानंतर टांगलेल्या देहाबद्दलची. पहिल्या शतकापर्यंत ज्यू समाज तीच क्रुसालाही लावू लागला होता. इतिहासकार योसेफस याचा स्पष्ट साक्षीदार आहे.

योसेफस इ.स. ३७ मध्ये यरुशलेमात जन्मला, तिथल्या पुरोहित घराण्यात वाढला. ज्यू-रोमन युद्धाच्या इतिहासात तो एक प्रसंग सांगतो. शहरात घुसलेल्या इदोमी लोकांनी प्रमुख पुरोहितांना ठार मारले आणि त्यांचे देह न पुरता फेकून दिले. त्याचा संताप व्यक्त करताना तो लिहितो की ज्यू लोक दफनाची इतकी काळजी घेतात की शिक्षा होऊन क्रुसावर गेलेल्यांनासुद्धा सूर्यास्ताआधी उतरवून पुरतात. हे विधान त्याने दफनाचा प्रश्न सोडवण्यासाठी केलेले नाही. तो पुरोहितांच्या विटंबनेबद्दल बोलतो आहे आणि क्रुसाचा उल्लेख सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणून ओघात येतो. असे ओघात आलेले वाक्य इतिहासकाराला फार मोलाचे वाटते.

पण तोच योसेफस दुसरे चित्रही दाखवतो. इ.स. ७० च्या यरुशलेमच्या वेढ्यात अन्न शोधायला शहराबाहेर पडणाऱ्यांना रोमन सैनिक पकडत आणि भिंतीसमोर क्रुसावर खिळत. दिवसाला ५०० आणि कधी त्याहूनही अधिक. क्रुसांना जागा पुरेना आणि माणसांना क्रूस पुरेनात, असे तो लिहितो. त्या देहांचे दफन झाले असण्याची शक्यता फार कमी. म्हणून युद्धकाळातला यरुशलेम आणि शांततेतला यरुशलेम वेगळे ठेवले पाहिजेत. क्रॉसन यांच्या मांडणीवर माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. बंड, वेढा आणि इटलीतले गुलामयुद्ध यांतली उदाहरणे त्यांनी यहूदियातल्या शांततेच्या वर्षांवर बसवली. वल्हांडणाच्या सणाला यरुशलेम यात्रेकरूंनी भरून जाई. अशा वेळी शहराच्या वेशीवर देह टांगलेले ठेवून दंगल ओढवून घेणे कोणत्याही सुभेदाराच्या हिताचे नव्हते. रोमन लोक आपल्या प्रजेला पूर्वजांचे नियम मोडायला लावत नाहीत, असे योसेफस अन्यत्र लिहितोही.

दफन झाले म्हणजे सन्मान झाला, असेही समजू नये. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेली मिश्ना, म्हणजे ज्यू धर्मनियमांचा संग्रह, सांगते की ज्यू न्यायसभेने मृत्युदंड दिलेल्यांसाठी दोन वेगळ्या दफनभूमी होत्या. मांस गळून गेले की त्यांची हाडे गोळा करून घराण्याच्या थडग्यात नेत. म्हणजे आधी लांच्छनाचे दफन आणि काही काळाने घरच्यांत परतणे.

पेटीतली टाच

१९६८ च्या जून महिन्यात यरुशलेमच्या ईशान्येला गिवत हा-मिवतार या भागात बांधकाम चालू असताना खडकात कोरलेली थडगी उघडी पडली. पुरातत्त्वज्ञ व्हासिलिओस त्साफेरिस यांनी त्यांचे उत्खनन केले. ती इ.स. ७० पूर्वीची होती. त्या काळी यरुशलेमातली सुस्थितीतली घराणी मृताला आधी खडकातल्या कोनाड्यात ठेवत आणि सुमारे वर्षभराने हाडे गोळा करून चुनखडीच्या दगडी पेटीत भरत. पेटीची लांबी मांडीच्या हाडावरून ठरे. अशा एका पेटीवर येहोहानान हे नाव कोरलेले होते आणि आतल्या हाडांत उजव्या टाचेचे एक हाड होते. त्या हाडातून लोखंडी खिळा आरपार गेलेला होता.

निकु हास यांनी १९७० साली या हाडांचा पहिला अहवाल छापला. त्यांना वाटले की एकच खिळा दोन्ही टाचांतून गेला आहे. १९८५ मध्ये जोसेफ झियास आणि एलिएझर सेकेलेस यांनी ती हाडे पुन्हा तपासली. खिळा ११.५ सेंटिमीटरचा निघाला. दोन टाचा आणि लाकूड यांना पुरण्याइतकी त्याची लांबीच नव्हती. तो एकाच टाचेत, बाहेरच्या बाजूने आत, आडवा शिरला होता. खिळ्याचे डोके आणि हाड यांच्यामध्ये ऑलिव्हच्या लाकडाची चकती होती. पाय ओढून खिळ्यावरून सुटू नये यासाठी ती बसवलेली. दोन पाय खांबाच्या दोन बाजूंना ठेवून एकेक टाच ठोकली असावी, असा त्यांचा निष्कर्ष. मनगटाच्या किंवा बाहूच्या हाडांवर त्यांना खिळ्याची खूण मिळाली नाही. हात दोरांनी बांधले असण्याची शक्यता त्यांनी मांडली.

आता खिळ्याच्या टोकाकडे पाहा. ते वाकलेले आहे, बहुधा लाकडातल्या गाठीवर आपटून. म्हणून देह उतरवताना तो उपसता आला नाही, आणि खिळा, चकती व टाच सगळे एकत्र थडग्यात गेले. वर्षभराने हाडे गोळा करणाऱ्या आप्तांनी तो तुकडा तसाच पेटीत ठेवला. याच थडग्यातल्या दुसऱ्या एका पेटीवर मंदिर बांधणारा शिमोन असा लेख आहे. म्हणजे हे घराणे हेरोदाच्या मंदिराच्या कामाशी जोडलेले, ऐपतीचे होते. क्रुसावर मेलेल्या आपल्या माणसाला त्यांनी रोमकडून परत मिळवले आणि शिमोनाच्या पेटीच्या जोडीने त्याला जागा दिली.

एकच का?

हजारो लोक क्रुसावर गेले आणि यरुशलेमात अशी टाच मात्र एकच सापडली. यावरून काही जण म्हणतात की बाकीच्यांचे दफन झालेच नाही. इथे गुरुजींची शिस्त कामी येते. असा पुरावा तयार व्हायला आणि टिकायला काय काय जुळून यावे लागते?

पहिले, देह खिळ्यांनी ठोकलेला हवा. पुष्कळांना दोरांनी बांधत. दुसरे, खिळा हाडात अडकून राहायला हवा. एरवी तो उपसून पुन्हा वापरता येई, शिवाय लोक तो ताईत म्हणूनही नेत. क्रुसावरचा खिळा औषध म्हणून अंगावर बाळगावा की नाही, यावर मिश्नामध्ये चक्क मतभेद नोंदवलेला आहे. तिसरे, घराण्याचे खडकातले थडगे आणि दगडी पेटी हवी. पुरातत्त्वज्ञ जोडी मॅग्नेस यांनी दाखवून दिले आहे की अशी थडगी श्रीमंतांचीच होती. गरिबांना जमिनीत साधा खड्डा खणून पुरत आणि अशा खड्ड्यांचा मागमूस फारसा उरत नाही. क्रुसावर जाणारे बहुतेक गरीबच. आणि शेवटी, हाड तपासणाऱ्याच्या नजरेने ती खूण टिपायला हवी. येहोहानानच्या बाबतीत हे सगळे जुळले. खिळा सरळ गेला असता तर इतर हजारोंसारखीच त्याच्या मृत्यूचीही खूण उरली नसती.

तर्काची हीच पट्टी दुसऱ्या बाजूलाही लावायला हवी. येहोहानानला थडगे मिळाले म्हणून सर्वांना मिळाले, असे सिद्ध होत नाही. क्रुसावर मेलेला माणूस घराण्याच्या थडग्यात जाऊ शकत होता, एवढे सिद्ध होते. आणि ते अशक्य होते म्हणणाऱ्यांचा दावा त्याने कायमचा मोडला.

यरुशलेमबाहेर अशी दोन उदाहरणे मोलाची आहेत. इटलीत पो नदीच्या खोऱ्यात गावेल्लो इथे २००७ मध्ये एका पुरुषाचा सांगाडा मिळाला. २०१८ साली त्याच्या टाचेतल्या आरपार छिद्राचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो माणूस एकटाच, थेट जमिनीत, कोणत्याही दफनवस्तूंशिवाय पुरलेला होता. इंग्लंडमधल्या केंब्रिजशायरमध्ये फेनस्टँटन इथे २०१७ च्या उत्खननातला सांगाडा इ.स. १३० ते ३६० या दरम्यानचा आहे. त्याच्या उजव्या टाचेत खिळा अजून आहे. तो मात्र वस्तीच्या दफनभूमीत, इतरांच्या शेजारी पुरलेला होता. एकाच शिक्षेचे हे दोन शेवट. कायद्यातली मर्जी आणि मागणारा माणूस यांनी किती फरक पडे, ते या दोन कबरी शेजारी ठेवल्या की दिसते.

अरिमथाईकर योसेफ

आता शुभवर्तमानांकडे वळू. पण येशूच्या दफनाचा सर्वांत जुना उल्लेख त्यांच्याही आधीचा, पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. हे पत्र इ.स. ५० च्या दशकाच्या मध्यातले. ख्रिस्त मेला, पुरला गेला आणि उठवला गेला, अशी परंपरा आपल्याला मिळाली आणि ती आपण पुढे दिली, असे पौल लिहितो. तिथे थडग्याचा मालक नाही आणि योसेफही नाही. दफन मात्र आहे.

इ.स. ७० च्या आसपास मार्क लिहितो की अरिमथाईकर योसेफ हा न्यायसभेचा प्रतिष्ठित सदस्य धैर्य करून रोमन सुभेदार पिलाताकडे गेला आणि त्याने देह मागितला. पिलाताला एवढ्यात मृत्यू झाल्याचे नवल वाटले. त्याने शताधिपतीला बोलावून खात्री करून घेतली आणि देह दिला. योसेफाने तागाचे वस्त्र विकत घेतले, देह त्यात गुंडाळला, खडकात खोदलेल्या थडग्यात ठेवला आणि तोंडाशी धोंड लोटली. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सुरू व्हायच्या आत हे सारे उरकायचे होते.

पुढच्या लेखकांच्या हाती योसेफ बदलत जातो. मत्तयात तो श्रीमंत आणि येशूचा शिष्य आहे, थडगेही त्याचे स्वतःचे व नवे. लूक आवर्जून सांगतो की न्यायसभेच्या निर्णयाला त्याची संमती नव्हती. योहानात तो गुप्त शिष्य होतो, सोबतीला निकदेम नावाचा आणखी एक जण येतो आणि गंधरस व अगरू यांचे मिश्रण आणतो, सुमारे १०० रोमन पौंड, म्हणजे जवळजवळ ३३ किलो. घाईत आटोपलेले दफन राजाला शोभेल अशा दफनाकडे सरकते आहे. प्रेमाने आठवण ठेवणारा समाज असेच करतो.

या वाढत्या रंगामुळे कोणाला मूळ गोष्टच खोटी वाटते. मला उलट वाटते. मार्काच्या सांगण्याप्रमाणे येशूला दोषी ठरवले ते सगळ्या न्यायसभेने. त्याच सभेतल्या माणसाच्या हातून दफन झाले, हे पहिल्या ख्रिस्ती समाजाला अडचणीचेच होते. नंतरच्या लेखकांनी त्या माणसाला सावरून घेण्यासाठी किती खटपट केली ते आपण आत्ताच पाहिले. अडचणीची गोष्ट कोणी मुद्दाम रचत नाही. बायबलचे अभ्यासक रेमंड ब्राउन यांनी १९९४ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात हाच विचार विस्ताराने मांडला. त्यांच्या मते मार्काचा योसेफ येशूचा शिष्य नसून सूर्यास्ताआधी देह पुरण्याची धर्माज्ञा पाळणारा भाविक ज्यू आहे. मॅग्नेस यांचे म्हणणेही याला पूरक आहे : गरिबाला जमिनीत पुरायचे तर खड्डा खणायला वेळ लागतो. शब्बाथ तोंडावर आलेला, म्हणून जवळचे तयार थडगे वापरले गेले.

उल्पियनचा अपवाद इथे आठवावा लागतो. येशूवर ‘यहुद्यांचा राजा’ म्हणवल्याचा आरोप होता आणि त्याला राजद्रोहाचा वास आहे. ही हरकत वजनदार आहे. पण पिलाताने येशूच्या अनुयायांना धरून क्रुसावर चढवल्याचे एकही साधन सांगत नाही. सशस्त्र बंड मोडताना रोम असे वागत नसे. प्रतिष्ठित माणसाने सणाच्या तोंडावर केलेली मागणी मान्य करण्यात पिलाताचे काही जात नव्हते, उलट शांतता राखली जात होती.

मला काय म्हणायचे आहे

माझे मत स्वच्छ सांगतो. शांततेच्या काळातल्या यरुशलेमात क्रुसावर मेलेल्यांचे दफन होणे ही संभवनीय गोष्ट होती, आणि येशूचे दफन झाले हे मला उपलब्ध साधनांवरून सर्वाधिक पटते. ते कोणत्या थडग्यात, किती सन्मानाने, हे तितक्या खात्रीने सांगता येत नाही. थडग्यानंतरच्या पहाटेबद्दल श्रद्धा बोलते. टाचेचे हाड किंवा उल्पियन तिथपर्यंत कोणालाच नेत नाही, ना मानणाऱ्याला, ना नाकारणाऱ्याला.

पण या साऱ्या अभ्यासातून मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो देह मागणारा माणूस. सिसिलीतले आईबाप, अलेक्झांड्रियातले आप्त, येहोहानानच्या घरचे आणि मार्काचा योसेफ हे सारे सत्तेच्या दारात उभे राहिले. वेढ्यानंतर क्रुसावरचे तीन परिचित पाहून इतिहासकार योसेफस रोमन सेनापती टायटसपुढे रडला आणि त्यांना उतरवून घेतले. दोघे उपचार चालू असताना दगावले, एक वाचला. ज्याच्यासाठी असे कोणी आले नाही, तो रोमच्या दहशतीचा शेवटपर्यंत भाग राहिला. स्पार्टाकसच्या ६,००० सोबत्यांपैकी बहुतेकांचे असेच झाले असणार. देह मागण्यात धोका होता. आपण दोषी ठरलेल्याचे कोण, हे त्यात उघड होई. तो धोका पत्करणाऱ्यांच्या धैर्याची रोमच्या दप्तरात कुठेच नोंद नाही. ती आपल्याला हाडांवरून आणि ओघात आलेल्या वाक्यांवरून वाचावी लागते.

म्हणून तरुण अभ्यासकांना माझे एकच सांगणे आहे. फेनस्टँटनचा खिळा उत्खननाच्या जागी कोणाच्या लक्षात आला नव्हता, प्रयोगशाळेत हाडे धुताना तो दिसला. भूमध्य समुद्राच्या भोवतालच्या संग्रहालयांत रोमन काळातल्या माणसांची हाडे खोक्यांत भरून ठेवलेली आहेत आणि त्यांतल्या किती टाचा या नजरेने पाहिल्या गेल्या आहेत, हा प्रश्न विचारायला हवा. जुनी खोकी पुन्हा उघडा. छिद्र दिसले तर ते कुजण्याचे की खिळ्याचे ते तपासा, आणि त्या माणसाला कोणाच्या शेजारी पुरले होते ते आधी लिहून ठेवा. येहोहानानबद्दलचा पहिला निष्कर्ष १५ वर्षांनी दुरुस्त झाला तो याच मार्गाने.